विंडोजसाठी बॅकस्लॅश करायलाच हवा का?
निपाणीकर भाऊ, बिल्ड स्क्रिप्टमध्ये (प्रोग्रॅम आपोआप तयार करणाऱ्या कमांडींच्या फाइलीत) विंडोजसाठी फाइलींच्या पत्त्यांतले सगळे स्लॅश (/) उलटे, म्हणजे बॅकस्लॅश (\), करून घ्या म्हणता. कशाला ओ? विंडोजची बहुतेक फंक्शनं सरळ स्लॅशही निमूट घेतात. अडतं ते सीएमडीच्या, म्हणजे विंडोजच्या कमांड खिडकीच्या, जुन्या कमांडींचं. विंडोजच्या आधीच्या डॉस सिस्टिममध्ये सरळ स्लॅश कमांडच्या पर्यायांसाठी आधीच गुंतलेला. फोल्डर आले नंतर, १९८३ च्या डॉस २.० मध्ये, म्हणून त्यांच्या वाट्याला बॅकस्लॅश. पायथन असेल तर पाथलिब ही फाइलींचे पत्ते हाताळणारी लायब्ररी वापरा, ३.४ पासून सोबतच येतं.

खरी डोकेदुखी वेगळीच. खडेबाजारातल्या दुकानाच्या बिलिंगमध्ये फोल्डरचं नाव कॅपिटल, कोडात स्मॉल. विंडोजवर बिनबोभाट चालतं, लिनक्स सर्व्हरवर फाइलच सापडत नाही. आणि पाथ व्हेरिएबलमधले (कमांड कुठं शोधायच्या त्या यादीतले) फोल्डर विंडोजवर अर्धविरामानं, लिनक्सवर कोलननं वेगळे होतात. तिथं नुसते स्लॅश बदलून भागत नाही.