व्हीबी मागे पडली की पाडली?

"व्हीबी मागे पडली कारण भाषाच कच्ची होती" हे मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिक (व्हीबी) या प्रोग्रामिंग भाषेबद्दल एका प्रतिसादात आलेलं मत पटलं नाही. १९९८ ची व्हीबी ६ चांगली धडधाकट होती. पण २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टला सगळ्यांना डॉटनेट या आपल्या नव्या प्रोग्रामिंग व्यासपीठावर न्यायचं होतं, म्हणून व्हीबीला तिथल्या सी-शार्प या नव्या भाषेच्या मापाचा सदरा चढवला. व्हेरियंट (कुठल्याही प्रकारची माहिती ठेवणारा डेटा प्रकार) गेला, इंटिजर (पूर्णांक) १६ चा ३२ बिटांचा झाला, जुना कोड आडवा.

एक गंमत मात्र इथे कुणी सांगितली नाही. व्हीबी डॉटनेटच्या पहिल्या बीटात (चाचणी आवृत्तीत) ट्रूची, म्हणजे 'खरं' या मूल्याची, किंमत -१ ऐवजी १ केली होती, अँड-ऑरही शॉर्ट सर्किट केले होते (पहिल्या अटीवरच निकाल लागला तर दुसरी तपासायचीच नाही). जुन्या मंडळींनी इतकी बोंब मारली की दोन्ही बदल मागे घ्यावे लागले. शॉर्ट सर्किटसाठी वेगळे आणलेले अँडऑल्सो, ऑरएल्स हे विचित्र शब्द त्या तडजोडीतलेच (मला अजून हसू येतं). तेव्हा गिऱ्हाईक सांभाळायचं होतं. २०२० मध्ये मात्र मायक्रोसॉफ्टवाले 'भाषेत आता नवीन भर घालायचा बेत नाही' असं सांगून मोकळे झाले.