काम झालेलं असतं, पण माझं इंग्रजी वाचून समोरच्याला ते झालेलं वाटत नाही

बॅलार्ड_पिअर

नमस्कार. मी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या कचेरीत डॉक्युमेंटेशन बघते. शाळा भांडुपची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजी वाचताना अडत नाही, दिवसाला तीस-चाळीस मेल लिहिते. अडतं ते एकाच जागी, काम होऊन गेलंय हे सांगताना.

गेल्या महिन्यात टॉवेलचा एक कंटेनर न्हावा शेवाहून इंग्लंडला, फेलिक्स्टोला जायचा होता. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीसाठी कस्टम्सकडे द्यायचा कागद, सोमवारीच फाइल झालं. बुधवारी तिकडच्या खरेदीदाराने विचारलं, कागद कुठवर आले? मी लिहिलं, ‘वी हॅड फाइल्ड द शिपिंग बिल ऑन मंडे.’ मनात सरळ मराठी वाक्य होतं, ‘आम्ही सोमवारी फाइल केलं होतं.’ त्याने उलट विचारलं, मग पुढे काय झालं, रद्द करावं लागलं का? मी त्या वेळी दुसऱ्या पार्टीच्या कामात होते, त्याचा मेल संध्याकाळी पाहिला. तोवर त्याने आमच्या पार्टीला कळवूनही टाकलं होतं की या बोटीचं जमत नसेल तर माल पुढच्या बोटीवर चढवा. फोनाफोनी करून बुकिंग वाचलं. पण साहेबांनी ‘तू नेमकं काय लिहिलंस?’ विचारलं तेव्हा मला उत्तर देता येईना. मला तर माझं वाक्य अजूनही बरोबरच वाटत होतं.

शेजारची मुलगी म्हणाली, ‘ऑलरेडी’ लावत जा, प्रश्नच मिटतो. दुसऱ्या एका पार्टीला लिहिलं, ‘आय ऑलरेडी सेंट यू द पॅकिंग लिस्ट.’ त्यांच्या मॅनेजरचा फोन आला, मॅडम, चिडलात का?

मराठीत केलं, केलंय, केलं होतं, करून झालं, करून ठेवलं, करून टाकलं, करून घेतलं, यांतला फरक मला झोपेतून उठवून विचारलात तरी सांगेन. इंग्रजीत मात्र सगळ्यांना एकच ‘डन’. हे कुणी नीट समजावून सांगेल का? पुस्तकी नियम नको, रोज बोलतात तसं हवंय.

रात्रशाळेच्या_बाई

तुमचं वाक्य मी दादरच्या रात्रशाळेत शेकडो वह्यांत वाचलंय. दिवसभर नोकरी करून येणारी मुलं होती माझी, आणि जवळजवळ प्रत्येकाचं हे ‘हॅड’ असायचंच.

मराठीत ‘होतं’ दोन कामं करतं. ‘तू फोन केलास तेव्हा मी जेवले होते’, इथे दोन घटना आहेत आणि जेवण आधीचं आहे. पण ‘काल मी दादरला गेले होते’ यात दुसरी घटनाच नाही. गोष्ट होऊन गेली, एवढंच सांगायचंय. इंग्रजी ‘हॅड’ यातलं पहिलं काम करतं. ते वाचणारा दुसऱ्या घटनेची वाट बघत थांबतो. तुमचा खरेदीदार तसाच थांबला, आणि दुसरी घटना दिसेना म्हणून त्याने ती स्वतःच लावली: रद्द झालं असणार.

दिवस किंवा वेळ सांगायची असेल तर साधा भूतकाळ घ्या, ‘वी फाइल्ड इट ऑन मंडे.’ कधी केलं हे महत्त्वाचं नसेल, आज काय स्थिती आहे ते सांगायचं असेल तर ‘वी हॅव फाइल्ड इट.’ दोन्ही एका वाक्यात घालू नका. ‘वी हॅव फाइल्ड इट ऑन मंडे’ आपल्याला गोड लागतं, कारण मराठीत ‘सोमवारी फाइल केलंय’ बिनदिक्कत चालतं. इंग्रजीत ‘हॅव’च्या शेजारी होऊन गेलेला वार किंवा तारीख बसत नाही. ‘हॅड’ हवंच असेल तर दुसरी घटना स्वतः द्या: ‘वी हॅड फाइल्ड इट बिफोर यू रोट टू अस.’

आणि ते ‘करून घेतलं’. तुमच्या कामात हे रोज लागत असेल. कागदांवर शिक्के मारून घेतले, म्हणजे मारले दुसऱ्याने. त्याला ‘वी हॅड द पेपर्स स्टॅम्प्ड.’ इथेही ‘हॅड’च आहे, पण कागद मध्ये आले. ‘वी हॅड स्टॅम्प्ड द पेपर्स’ लिहिलंत तर शिक्के तुम्हीच मारलेत असा अर्थ होतो, आणि वाचणारा पुन्हा ‘मग पुढे काय’ म्हणत थांबतो. एका शब्दाची जागा बदलली की कागदाची सगळी हकीकतच बदलते. मला हे शिकवताना दर वर्षी नव्याने आवडायचं.

कुर्ला_ते_एडिसन

कुर्ल्याचा, आता न्यू जर्सीत. ‘आय ऑलरेडी सेंट इट’ इकडे अमेरिकेत सर्रास बोलतात, चूक नाही. इंग्लंडमधला माणूस बहुधा ‘आय हॅव ऑलरेडी सेंट इट’ म्हणेल. फेलिक्स्टोवाल्याला ‘हॅव’ घालून लिहा.

राग जाणवतो तो मात्र ‘ऑलरेडी’मुळेच. कुणी ‘यादी पाठवा’ म्हटल्यावर नुसतं ‘ऑलरेडी पाठवली’ असं उत्तर गेलं की ते आपल्या ‘पाठवली की!’सारखं लागतं. त्या ‘की’मध्ये जो ठसका आहे, तोच. मी इकडे आलो तेव्हा माझ्या मॅनेजरनेही मला हे हळूच सांगितलं होतं. तेव्हापासून वार सांगतो आणि कागद परत जोडतो: ‘आय सेंट इट ऑन ट्यूसडे, हिअर इट इज अगेन.’

प्रश्न विचारतानाही सांभाळा. ‘हॅव यू सेंट इट यट?’ म्हणजे ‘पाठवलंत का?’ तिथे ‘यट’ऐवजी ‘ऑलरेडी’ घातलं तर ते ‘इतक्यात पाठवलंतसुद्धा?’ होतं. ‘जेवण झालं का?’ला आपण ‘इज युवर लंच ओव्हर?’ म्हणतो. ‘हॅव यू ईटन?’ पुरे.

शेवा_गेट

मी १९८९ पासून या धंद्यात आहे, न्हावा शेवा बंदर सुरू झालं ते वर्ष. ताई, तुमचा ‘डन’ सगळ्यात आधी सोडा.

आमच्या एका ट्रान्स्पोर्टवाल्याला मी व्हॉट्सअॅपवर लिहिलं, ‘कंटेनर आज गेट-इन हवा.’ त्याचं उत्तर, ‘डन.’ मी समजलो, कंटेनर बंदराच्या गेटातून आत गेला. त्याच्या मनात होतं, ‘ठरलं, करतो.’ गाडी तेव्हा कळंबोलीला उभी होती. कट-ऑफ, म्हणजे कंटेनर आत घ्यायची शेवटची वेळ, चुकला आणि बोट गेली. ‘डन’ म्हणजे झालं आणि ‘डन’ म्हणजे ठरलं, इंग्रजीत दोन्ही खरे आहेत. म्हणून मी आता सगळ्यांकडून क्रियापद आणि वेळ मागतो: ‘गेटेड इन ॲट ४:१०.’

तसंच ‘निघालोच’. आपण घरात चपला शोधत असतानाही ‘निघालोच’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला ते कळतं. तेच इंग्रजीत ‘आय हॅव लेफ्ट’ लिहिलं तर तुम्ही रस्त्याला लागलात असा हिशेब समोरचा धरतो. तिथे ‘अबाउट टू लीव्ह’ लिहावं. आणि आमचा पोरगा शेव्याला ‘गेलाय’ की ‘जाऊन आलाय’? गेलाय म्हणजे ‘हॅज गॉन’, अजून तिकडेच. जाऊन आलाय म्हणजे ‘हॅज बीन’. सही घेऊन परत आलेल्या पोराला ‘गॉन’ लिहिलंत तर पार्टी कागदांसाठी उगाच ताटकळत बसेल.

बॅलार्ड_पिअर

बाई, तुमचं उत्तर मी लोकलमध्ये तीनदा वाचलं, घाटकोपरपर्यंत. दादा, ‘डन’ आजपासून बंद. आज दुसऱ्या कंटेनरसाठी त्याच खरेदीदाराला लिहिलं, ‘वी फाइल्ड द शिपिंग बिल दिस मॉर्निंग. द कंटेनर हॅज गेटेड इन. वी आर वेटिंग फॉर द लेट एक्स्पोर्ट ऑर्डर.’ (म्हणजे माल चढवायला कस्टम्सची परवानगी.) काय झालं आणि काय राहिलं, दोन्ही लिहिलं. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं: ‘परफेक्ट, थँक यू.’ खूप बरं वाटलं.

एकच राहिलं. ‘करून ठेवलंय’ला काय म्हणू? बीएलचा, म्हणजे बिल ऑफ लेडिंगचा (बोटीवर माल घेतल्याच्या पावतीचा) ड्राफ्ट मी करून ठेवलाय, त्यांनी फक्त तपासायचाय. मी ‘वी हॅव केप्ट इट डन’ लिहिते आणि दर वेळी काहीतरी खटकतं.

रात्रशाळेच्या_बाई

खटकतं हे चांगलंच आहे. ‘ठेवणं’ भाषांतरात आणू नका. आपण ‘ठेवलंय’ म्हणतो तेव्हा मनात असतं, ‘तुमच्यासाठी तयार आहे.’ तेवढंच लिहा: ‘द ड्राफ्ट इज रेडी फॉर यू टू चेक.’