मदत हवी आहे: पाश्चात्य देशांत स्त्रीवादाचं काम संपलं का?

मंडळी, बहिणीच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे, विषय 'पाश्चात्य देशांत स्त्रीवादाचं काम संपलंय' आणि तिच्या वाट्याला विरोधी बाजू आलीये. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मतदान १९७१ ला मिळालं आणि अपेन्झेल इनररोडन कँटनमध्ये (कँटन म्हणजे तिथलं राज्य) राज्यपातळीवरचं मतदान तर १९९० ला, तेही कोर्टाने सांगितल्यावर (मला आधी खरंच वाटेना). अमेरिकेत १९७३ ला मिळालेला गर्भपाताचा घटनात्मक हक्क २०२२ ला सुप्रीम कोर्टाने काढून घेतला, उलट फ्रान्सने २०२४ ला तो संविधानातच घातला. म्हणजे मिळालेलं टिकेलच असं नाही, हा मुद्दा चालेल. पण समोरचे म्हणणार कायदे झाले, बायका पंतप्रधान झाल्या, अजून काय पाहिजे? त्यावर आइसलंडमधला बायकांचा संप (समान हक्कांसाठी घरचं-बाहेरचं काम एक दिवस बंद ठेवलेला), १९७५ चा आणि परत २०२३ चा, पुरेल का? अजून काही सुचवा ना, शनिवारीच आहे स्पर्धा.