बहिणीच्या मुलाचं पालकत्व कोर्टातून घ्यावं का? (वडील हयात आहेत)

नेरूळची_मावशी:
बहीण जाऊन तीन वर्षं झाली. तिचा मुलगा तेव्हापासून माझ्याकडे, आता अकरा वर्षांचा आहे. वडील कल्याणला, दुसरं लग्न झालंय. महिन्यातून एखाद्या रविवारी येतात. ‘मुलगा मावशीकडे राहील’ असं त्यांनी पाचशेच्या स्टँपवर लिहून दिलंय, नोटरीही केलीय. शाळेने चालवून घेतलं. पासपोर्टला मात्र वडिलांची सही नाहीतर कोर्टाची ऑर्डर आणा म्हणाले. सही मागितली की ‘बघू’. मी म्हणते ऑर्डर घेऊन टाकावी. घरात दोन तट पडलेत.

घणसोली_७:
घ्या आणि मोकळ्या व्हा. उद्या मध्यरात्री ऑपरेशनची वेळ आली तर फॉर्मवर ‘पालक’ म्हणून कोण सही करणार? ‘बघू’?

पाचपाखाडीची_वकील:
स्टँप पेपरने पालकत्व मिळत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार वडील नैसर्गिक पालक आहेत, ते पद नोटरीसमोर कुणाला देऊन टाकता येत नाही. अर्ज १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली करावा लागेल. आता खरी अडचण: आई किंवा वडील हयात असतील आणि कोर्टाच्या मते अपात्र नसतील, तर कलम १९ दुसऱ्याला पालक नेमू देत नाही. म्हणजे अर्जात वडिलांच्या विरोधात लिहावं लागतं, आणि ते पुराव्यानिशी. ‘महिन्यातून एकदाच येतात’ एवढं पुरत नाही.

कोपरीचा_बाप:
मी त्या ‘विरोधात’वाला. बायको गेली तेव्हा माझी एमआयडीसीत नाइट शिफ्ट, म्हणून मुलगी सासरच्यांकडे ठेवली. वर्षभरात अर्ज आला, त्यात मी ‘बेजबाबदार’. तो कागद मुलगी कधीतरी वाचेलच. मावशी, तुमच्या भाच्याच्या वडिलांनी मुलाला टाकलेलं नाही, येतात ना? आई आजारी म्हणून बाळ तिच्या माहेरच्यांनी सांभाळलं, ती गेल्यावरही सोडेनात, अशा प्रकरणात २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ताबा बापाकडेच दिला.

घणसोली_७:
आणि २००८ ला त्याच कोर्टाने मुलाशी स्वतः बोलून त्याला आजी-आजोबांकडे ठेवलं. बापावर हुंडाबळीचा खटला होता.

कोपरीचा_बाप:
माझ्यावर कसला खटला आहे, सांगा ना.

पाचपाखाडीची_वकील:
भांडू नका, दोन्ही निकाल खरे आहेत. दोन्हीकडे कोर्टाने आधी मुलाचं हित पाहिलं.

ऑर्डर झाली म्हणजे बाप पुसला गेला, हा गैरसमज मी रोज ऐकते. तसं दत्तकात होतं, जन्माच्या घराशी नातं तुटतं. पालकत्वात मुलगा वारस म्हणून वडिलांचाच राहतो, पोटगीची जबाबदारी त्यांच्यावरच राहते, भेटीचे दिवस कोर्ट ठरवून देऊ शकतं. बदलतं ते रोजचं: सह्या, शाळा, दवाखाना. तुमच्यावरही बंधनं येतात. कोर्टाच्या हद्दीबाहेर मुलाला न्यायचं तर परवानगी लागते. बहिणीच्या नावावर फ्लॅट असेल तर मुलाचा त्यात हिस्सा आहेच, पण तो कोर्टाला न विचारता विकता येणार नाही. मालमत्तेचा पालक व्हायचं तर अर्ज जिल्हा न्यायालयात. मुलापुरता असेल तर फॅमिली कोर्टात. मुलगा १८ चा झाला की सगळं संपतं. (पूर्वी कोर्टाने पालक नेमलेला मुलगा २१ ला सज्ञान व्हायचा, १९९९ मध्ये ते गेलं.)

ऐरोलीचे_आजोबा:
गावी सातबाऱ्यावर आमच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणून काकाचं नाव होतं. अज्ञान पालन कर्ता. वडील वारले होते म्हणून. वडील जिवंत असताना तिथे दुसऱ्याचं नाव लागणं पोराला टोचतं, एवढं मी सांगतो.

घणसोली_७:
आजोबा, बापाच्या ‘बघू’ने टोचत नाही का?

नेरूळची_मावशी:
त्यालाच विचारलं. म्हणाला, माझं आडनाव बदलणार का? नाही म्हटलं, तर बॅट घेऊन खाली गेला. अपात्र वगैरे लिहायला माझा हात होणार नाही. आधी त्याच्या वडिलांना पासपोर्टच्या सहीसाठी एक शेवटचं विचारते. रविवारी आले की बोलते.

कोपरीचा_बाप:
रविवारी नको. त्या दिवशी माणूस मुलाला भेटायला येतो. मधल्या वारी कल्याणला जा.