नक्कल नेहमी लपण्यासाठीच नसते

विषाणू आपल्या प्रतिकारयंत्रणेच्या संदेशांची नक्कल फक्त लपून राहायला करतात, असं एक मत ऐकलं, ते अर्धंच पटलं. त्यासाठी दिलं जाणारं एपस्टाईन-बार विषाणूचं उदाहरण बरोबर आहे, त्याचं नकली आयएल-१० (दाह शमवणारं संदेश-प्रथिन) दाह दाबतं. पण त्याच कुळातला, म्हणजे हर्पिस कुळातला, एचएचव्ही-८ हा विषाणू नेमकं उलटं करतो. त्याच्याकडे आयएल-६ची, म्हणजे ताप-दाह वाढवणाऱ्या संदेशाची, नक्कल आहे (१९९६ साली सापडली). मूळ प्रथिनाशी अमिनो आम्लांचं साम्य जेमतेम पाव हिस्सा, तरी काम चोख! खरी गोम पुढेच आहे. आपल्या आयएल-६ला आधी स्वतःचा रिसेप्टर (पेशीवरचं संदेश पकडणारं प्रथिन) आणि मग जीपी१३० (संदेश पेशीच्या आत पोचवणारं प्रथिन) असं दोघांना गाठावं लागतं. विषाणूचं हे नकली बेणं थेट जीपी१३०लाच चिकटतं. इंटरफेरॉनने (शरीराच्या विषाणूविरोधी संदेशाने) पहिला रिसेप्टर कमी केला तरी त्याचं काही अडत नाही.

मल्टिसेंट्रिक कॅसलमन आजारात (यात अनेक ठिकाणच्या लसिकाग्रंथी वाढतात) याचा फटका दिसतो: ताप, सुजलेल्या लसिकाग्रंथी, वाढलेली प्लीहा, चढलेला सीआरपी (रक्तातली दाहाची खूण). आयएल-६ला पकडणारं सिल्टक्सिमॅब हे औषध या आजारासाठी अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झालं, पण एचआयव्ही आणि एचएचव्ही-८ दोन्ही नसलेल्या रुग्णांपुरतंच, कारण विषाणूच्या आयएल-६ला ते चिकटतच नाही. एचएचव्ही-८ असेल तर बी पेशी (हा विषाणू ज्यांत दडतो त्या पांढऱ्या पेशी) संपवणारं रिटुक्सिमॅब वापरतात, तेही कपोसी सार्कोमा (याच विषाणूमुळे होणारा कर्करोग) आहे का ते बघून. रिटुक्सिमॅबने तो कर्करोग बळावू शकतो.