दीपकाडीचे कांदे नागपूरला आणू का?

वर्धारोडकर:
माझी सासुरवाडी राजापूर तालुक्यात. जूनमध्ये पाऊस नीट लागल्यावर मेहुण्यानं सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळाच्या पठारावर नेलं. काळ्या कातळाच्या भेगेत बोटभर माती, अन् त्यातून वर आलेली दीपकाडी. सरळ दांडी, लांब नळीची पांढरीशुभ्र फुलं. शेजारच्या सड्यावर चिऱ्याची खाण सुरू होऊन राहिली आहे. चार कांदे आणून गच्चीवर लावले तर? इथं जेसीबी तरी येत नाही.

धरमपेठचे काका:
नका आणू जावईबापू. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, कांदा कुजेल. जांभ्याची माती भरली तरी मे महिन्यातली आपली पंचेचाळीस डिग्री कुठं लपवाल? हे फूल कोकणातलंच. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला घाट. सडा गेला तर त्याला सरकायला जागा नाही. अन् गच्चीवर जगलंच, तर तुमची हौस भागेल, सडा तर गेलाच नं!

सड्यावरचा:
काकांशी सहमत. मी रत्नागिरीचा. खरी अडचण अशी की सातबाऱ्यावर सडा म्हणजे पोटखराबा, लागवडीला अयोग्य जमीन. मालकाला वाटतं, नुसत्या कातळाचं करायचं काय? मग चिरे काढा, नाहीतर सुरुंग लावून खड्डे पाडा, बाहेरची माती भरा आणि हापूस लावा. ही कामं उन्हाळ्यात चालतात, तेव्हा दीपकाडीचं एक पान वर नसतं, कांदा खाली झोपलेला. एप्रिलमध्ये पाहणी करणारा 'इथे काही नाही' असंच लिहिणार, आणि त्याच्या दृष्टीनं ते खरंही असतं. कातळशिल्पांचं बरं आहे, ती बारमाही दिसतात. त्यातली काही २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. फुलाचं तसं नाही.

वर्धारोडकर:
बरं, कांदे राहिले. मेहुण्याच्या ओळखीचाच मालक आहे, कलमं लावायची म्हणतो. कडेचा पट्टा सोड म्हणून विचारू?

सड्यावरचा:
विचारा, सगळा सडा मागण्यापेक्षा हे जमेल. फक्त फुलं असतानाच मालकाला तिथं उभं करा आणि पट्ट्याभोवती चिऱ्यांची गडगी रचून घ्या. जेसीबीवाल्याला तोंडी सांगून काही उपयोग होत नाही. आणि जागेचं लोकेशन इथे टाकू नका, कांदे उपटणारे हौशीही वाचत असतात.