शटडाऊन दिल्यावर डेस्कटॉप पूर्ण बंद होत नाही, पंखे फिरतच राहतात. काय तपासावं?

खटपट्या
डेस्कटॉप आहे, विंडोज १०. शटडाऊन दिलं की 'शटिंग डाऊन' दिसतं, स्क्रीन काळी होते, मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणतो. पण कॅबिनेटचे पंखे आणि पॉवरचा दिवा चालूच. बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं तरच बंद होतो. रीस्टार्ट मात्र व्यवस्थित. जोडलेल्या वस्तू: स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा यूएसबी हब, प्रिंटर, वायरलेस माऊसचा रिसीव्हर. विंडोज नव्याने टाकण्याआधी काय तपासावं आणि कोणत्या क्रमाने?

रिसेट_पिन
नव्याने टाकायची घाई अजिबात करू नका. गाडी नेमकी कुठे अडते ते आधी ठरवा. विंडोजचंच काम संपत नसेल तर उपाय वेगळा, विंडोज संपूनही वीज तुटत नसेल तर वेगळा, आणि बंद होऊन लगेच पुन्हा सुरू होत असेल तर तिसराच.

रीस्टार्ट ठीक आणि शटडाऊन अडतंय म्हटल्यावर पहिला संशय फास्ट स्टार्टअपवर. विंडोज ८ पासून साधं शटडाऊन हे खरं पूर्ण शटडाऊन नसतं: कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर (जोडलेली उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्रॅम) यांची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते, म्हणजे अर्धं हायबरनेशनच (चालू स्थिती जपून बंद होणं). रीस्टार्टमध्ये हे होत नाही. एखाद्या ड्रायव्हरला ही झोप जमत नसेल तर तुम्ही सांगताय तसंच होतं.

खात्री करायला शिफ्ट दाबून धरून शटडाऊनवर क्लिक करा, तेवढ्यापुरतं पूर्ण शटडाऊन होईल. असं केल्यावर बंद झाला तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे जा. वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ दाबल्याशिवाय खालचे चौकोन करडेच राहतात. मग 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची खूण काढा आणि सेव्ह करा.

कर्नल_वाचक
वरच्याला जोड. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) विंडोज लॉग्ज, सिस्टम उघडा आणि शटडाऊनच्या वेळेच्या नोंदींचे क्रमांक बघा. १०७४ म्हणजे शटडाऊनचा आदेश मिळाला. ६००६ म्हणजे लॉगची सेवा नीट थांबली. कर्नल-जनरलची १३ म्हणजे विंडोजने आपलं काम जवळपास उरकलं. १०७४ आहे पण ६००६ आणि १३ नाहीत, तर एखादी सेवा किंवा ड्रायव्हर अडवून बसलाय. १३ आहे आणि तरी पंखे फिरताहेत, तर विंडोज नव्याने टाकून फायदा होण्याची शक्यता फार कमी. पुढच्या वेळी सुरू करताना दिसणारी ६००८ किंवा ४१ बघून घाबरू नका, बटण दाबून बंद केल्याचाच तो परिणाम आहे.

इंटेलच्या प्रोसेसरचा मदरबोर्ड असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये सिस्टम डिव्हायसेसखाली 'मॅनेजमेंट इंजिन इंटरफेस' असतो. बंद न होण्यामागे याचा ड्रायव्हर बऱ्याचदा निघतो. विंडोज अपडेटने आणलेला काढून बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरचा टाका.

सोल्डर
हे दोन्ही करूनही फरक पडला नाही, तर विंडोज बाजूला ठेवून एकच चाचणी करा. पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स (डिस्कवर न टाकता थेट चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टम) सुरू करा आणि तिथून पॉवर ऑफ द्या ('हॉल्ट' नको, त्यात वीज तुटणं अपेक्षितच नसतं). तिथेही पंखे फिरत राहिले तर दोष बायोस (बोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर), बोर्ड, पॉवर सप्लाय किंवा बाहेर जोडलेल्या वस्तूंत आहे.

बोर्ड की सप्लाय हे ठरवायला मग मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र). एटीएक्स (डेस्कटॉपचा नेहमीचा प्रकार) पॉवर सप्लाय सुरू-बंद होतो तो हिरव्या तारेवर, २४ पिनांच्या कनेक्टरमधली १६ क्रमांकाची पिन. बोर्डने ही तार ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, ओढली की सप्लाय चालू, सोडली की बंद. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळं टोक कुठल्याही काळ्या तारेला, लाल टोक कनेक्टरच्या मागून हिरव्या तारेच्या भोकात. मशीन चालू असताना ०.८ व्होल्टच्या खाली दिसायला हवं. शटडाऊननंतर आकडा वर चढून ३ ते ५ व्होल्टच्या आसपास गेला आणि तरी पंखे फिरताहेत, तर बोर्डने सांगितलंय, सप्लाय ऐकत नाही: सप्लाय बदला. आकडा खालीच राहिला तर बोर्ड सोडतच नाही. काही सप्लायच्या सगळ्याच तारा काळ्या असतात, तेव्हा बोर्डच्या मॅन्युअलमधल्या चित्रावरून पिन मोजा. लाल टोक शेजारच्या पिनला टेकू देऊ नका. आणि सप्लायचं खोकं उघडू नका, प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले असतात.

बायोस अपडेट करायची वेळ आलीच तर आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू आहे का बघा. असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि बिटलॉकर तात्पुरता थांबवा. नाहीतर अपडेटनंतर मशीन की मागत बसेल.

खटपट्या
खूप आभार. शिफ्ट धरून केलं, फरक नाही. फास्ट स्टार्टअपही बंद केलं. १०७४, ६००६, १३ तिन्ही नोंदी आहेत. लाइव्ह लिनक्समध्येही तेच. मग मागच्या सगळ्या यूएसबी काढल्या, तर दोन सेकंदांत पूर्ण बंद! मीटरची गरजच पडली नाही.

सोल्डर
मग माझा संशय हबवर. एकेक वस्तू परत जोडून प्रत्येक वेळी शटडाऊन करून बघा, हब सगळ्यात शेवटी. हब जोडल्यावरच अडलं तर हे करा: मशीन बंद करा, पॉवर सप्लायच्या मागचा खटका बंद करा, हब मात्र त्याच्या अडॅप्टरवर चालू ठेवा. एक-दोन मिनिटांनीही बोर्डवरचा छोटा दिवा विझला नाही, तर हब स्वतःचे ५ व्होल्ट यूएसबीच्या तारेतून उलटे बोर्डात ढकलतोय. चांगल्या हबमध्ये हे अडवायची सोय असते, स्वस्तातल्यांत बरेचदा नसते. हा दोष सेटिंगने जात नाही. तोवर अडॅप्टर काढून हब चालवा, माऊस-कीबोर्डला तेवढी वीज पुरते. बाहेरची हार्ड डिस्क त्यावर लावू नका, ती थेट मागच्या पोर्टला जोडा.

रिसेट_पिन
बोर्डवरचा दिवा विझला आणि तरी हबमुळेच अडत असेल, तर बायोसमध्ये 'ईआरपी' ही वीज वाचवणारी सेटिंग चालू करून बघा. शटडाऊननंतर यूएसबीला मिळणारी स्टँडबाय वीज त्याने तुटते. मात्र कीबोर्डवरून किंवा नेटवर्कवरून मशीन उठवणं मग चालणार नाही, आणि बंद असताना यूएसबीवर फोनही चार्ज होणार नाही. फास्ट स्टार्टअप बंदच राहू द्या. एसएसडी असेल तर सुरू व्हायला जेमतेम काही सेकंद जास्त लागतील.